फ्रान्सच्या खेड्यांतील परदेशी रहिवासी व त्यांचीं गाऱ्हाणीं

एखाद्या गांवीं पाहुणा म्हणून आठ दिवस राहणें निराळें आणि तेथें चूल मांडणें निराळें. पाहुण्याला गांवची सकाळ दिसते, आठवड्याचा बाजार दिसतो, नदीकांठची झाडी दिसते. चूल मांडणाऱ्याला दुपारीं बंद झालेलें दुकान, कचेरींत अडकलेला कागद आणि पहाटेच्या अंधारांत आरवणारा कोंबडा हेहि दिसूं लागतात. फ्रान्सच्या ग्रामीण भागांत येऊन राहिलेल्या हजारों परदेशी कुटुंबांचा अनुभव असाच आहे.

ह्या परदेशीयांत इंग्रजांचा भरणा मोठा. २०१६ च्या सुमारास फ्रान्समध्यें जवळजवळ दीड लाख ब्रिटिश नागरिक राहत होते आणि त्यांतील पुष्कळ जण दॉर्दोन्य, लिमुझँ, ब्रिटनी अशा शेतीच्या प्रदेशांत वसलेले होते. डच, बेल्जियन व जर्मन कुटुंबेंहि तेथें आहेत. ह्याचें कारण साधें आहे. विसाव्या शतकांत फ्रान्समधील तरुण माणसें पोटासाठीं खेडीं सोडून शहरांत गेलीं. मागें दगडी घरें ओस पडलीं. आणि लंडनच्या आसपास दोन खोल्यांस जी किंमत पडते तेवढ्यांत, किंवा त्याहून कमींत, अंगण, विहीर व फळझाडें यांसह आख्खें घर मिळूं लागलें. १९८९ सालीं पीटर मेल ह्या इंग्रज लेखकानें प्रोव्हान्समधील आपल्या एका वर्षाच्या वास्तव्यावर लिहिलेलें पुस्तक निघालें. तें अतोनात खपलें आणि त्यानें ही ओढ अधिकच वाढविली.

ह्या लोकांस कोणी विचारलें कीं, येथील रोजच्या जीवनांतील एखादी गोष्ट बदलण्याची मुभा मिळाली तर कोणती बदलाल, तर उत्तरें बहुधा ठराविकच येतात. दुपारची दुकानबंदी, रविवारची सामसूम, कागदपत्रांचा ससेमिरा, चर्चची घंटा, शिकाऱ्यांच्या बंदुका, डॉक्टरांचा तुटवडा. वरवर पाहतां हीं सर्व गाऱ्हाणीं सारखींच वाटतात; परंतु तीं एका जातीचीं नाहींत. त्यांतील कांहीं परक्याच्या जुन्या संवयींतून उपजलेलीं असतात, तर कांहीं खुद्द गांवकऱ्यांच्याहि उरावर बसलेलीं असतात. हा फरक ओळखण्यावरच परक्याचें तेथील सुखदुःख पुष्कळसें अवलंबून असतें.

प्रथम दुपारची गोष्ट घेऊं. बारा वाजले कीं गांवांतील लोखंडी सामानाचें दुकान बंद होतें, टपालकचेरी बंद होते, पुष्कळदां बँकहि बंद होते. आणि हीं सर्व पुन्हां उघडतात तीं दोन वाजतां. नळ गळूं लागला म्हणून घाईनें निघालेला मनुष्य सव्वाबाराला दुकानाच्या दाराशीं पोहोंचतो आणि मोटारींत बसून पावणेदोन तास काढतो. खाणावळींत जावें तर तेथेंहि घड्याळ कडक. दोन वाजून गेल्यावर गरम जेवण मिळण्याची आशा धरूं नये. सोमवारीं तर कित्येक दुकानें दिवसभर उघडतच नाहींत. दुपारीं एक ते चार ह्या वेळेची महती ठाऊक असलेल्या पुणेकर श्रोत्यांस ह्यांत फारसें नवल वाटणार नाहीं. पण रात्रीं दहालाहि दूध-पाव मिळण्याची संवय झालेल्या लंडनकरास हा शुद्ध आळस वाटतो.

वस्तुतः ह्या बंदीमागें एक ठाम समजूत आहे. दुपारचें जेवण बसून, वेळ देऊन, शक्य तर चार माणसांच्या सोबतीनें घ्यावयाचें असतें, असें तेथील लोक मानतात. तेथील कामगार कायद्यानें कामाच्या मेजावरच जेवण उरकण्यास सामान्यतः मनाई केलेली आहे. करोनाच्या सांथींत, २०२१ च्या फेब्रुवारींत, ती मनाई तात्पुरती शिथिल करावी लागली, तेव्हां असा नियम अस्तित्वांत आहे हें बाहेरच्या जगाला कळलें. फ्रेंच लोकांच्या जेवणाच्या रीतीला युनेस्कोनें २०१० सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. शिवाय एक व्यावहारिक कारणहि आहे. खेड्यांतील दुकानांत बहुधा मालक आणि त्याची बायको एवढींच माणसें असतात. पाळीपाळीनें जेवावयास तिसरें माणूसच नसतें.

रविवारचें गाऱ्हाणें ह्याच जातीचें, पण त्याच्या मुळाशीं अधिक गंभीर इतिहास आहे. १९०६ च्या मार्च महिन्यांत फ्रान्सच्या उत्तरेस कुरियेर येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन एक हजारांहून अधिक कामगार मृत्युमुखीं पडले. त्यामागून संपांची लाट उसळली, आणि त्याच वर्षीं १३ जुलै रोजीं आठवड्यांतून एक दिवस, व तो रविवार, कामगारांस सुट्टी देण्याचा कायदा संमत झाला. आजहि खाद्यपदार्थांच्या दुकानांस नोकरांकडून रविवारीं सामान्यतः दुपारीं एकपर्यंतच काम घेतां येतें. २०१५ सालच्या कायद्यानें वर्षांतून बारा रविवारपर्यंत दुकानें उघडीं ठेवण्याची परवानगी देण्याचा अधिकार गांवच्या महापौरास मिळाला, तरी खेड्यांत त्याचा परिणाम थोडा. इतकेंच नव्हे, तर अनेक जिल्ह्यांत रविवारीं गवत कापण्याचें यंत्र सकाळीं दहा ते बारा एवढाच वेळ चालवितां येतें. आठवडाभर पाऊस पडून रविवारीं दुपारीं ऊन पडलें आणि नव्या रहिवाशानें यंत्र बाहेर काढलें, तर शेजारी कुंपणाशीं येऊन उभा राहतो. नव्या रहिवाशाला त्यांत खोडसाळपणा दिसतो. शेजाऱ्याच्या दृष्टीनें मात्र ती शांतता त्याच्या पणज्यानें झगडून मिळविलेली असते.

शिष्टाचाराचा भागहि येथेंच सांगितला पाहिजे. दुकानांत किंवा कचेरींत शिरल्यावर प्रथम ‘बाँजूर’ म्हणून नमस्कार करावयाचा आणि मगच कामाचें बोलावयाचें, हा तेथील अलिखित कायदा आहे. इंग्रज मनुष्य ‘माफ करा’ असें म्हणून एकदम प्रश्न विचारतो. त्याच्या मतें तो सभ्यपणेंच वागलेला असतो, पण समोरचा मनुष्य उगाच तुसडेपणानें उत्तर देतो असें त्यास वाटतें. खरी गोष्ट अशी कीं, नमस्कार न करतां बोलणें म्हणजे समोरच्यास माणूस न समजणें, असा तेथें अर्थ होतो. इंग्रजी भाषेंत ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आतां उरलेला नाहीं; फ्रेंचांत तो आहे, आणि कोणास केव्हां एकेरीं हांक मारावी ह्याची जाण व्हावयास वर्षें लागतात. मराठी माणसास ही अडचण समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

आतां कागदपत्रांकडे वळूं. हें गाऱ्हाणें सर्वांत मोठें व सर्वांत जुनें. वीज घ्यावयाची तर बँकेंत खातें पाहिजे. खातें उघडावयाचें तर पत्त्याचा पुरावा पाहिजे. आणि पत्त्याचा सर्वमान्य पुरावा म्हणजे विजेचें बिल! जन्माचा दाखला मागतात तोहि बहुधा गेल्या तीन महिन्यांत काढलेला हवा असतो. इंग्रजास ह्याचें हंसूं येतें. मनुष्य एकदांच जन्मतो, मग दाखला शिळा कसा होईल, असें तो विचारतो. पण फ्रान्समध्यें जन्माच्या नोंदीच्या समासांत पुढें त्या माणसाचा विवाह, घटस्फोट इत्यादींची नोंद होत जाते. त्यामुळें ताजा दाखला म्हणजे त्या माणसाची आजची नागरी स्थिति होय. इंग्लंडमध्यें अशी पद्धति नाहीं, म्हणून इंग्रजाला मागणी निरर्थक वाटते.

तसेंच विवाहित स्त्रियांच्या नांवाचें. तीस-चाळीस वर्षें नवऱ्याच्या आडनांवानें वावरलेल्या इंग्रज बाईस फ्रान्सच्या सरकारी खात्याकडून माहेरच्या आडनांवानें पत्र येतें आणि ती चकित होते. ह्या प्रथेचें मूळ राज्यक्रांतींत आहे. १७९२ च्या सप्टेंबरांत जन्म-मृत्यूच्या नोंदी धर्मगुरूंकडून काढून गांवच्या नागरी अधिकाऱ्यांकडे देण्यांत आल्या. आणि १७९४ च्या ऑगस्टमधील कायद्यानें असें ठरविलें कीं, जन्माच्या नोंदींत जें नांव असेल त्याहून निराळें नांव कोणाहि नागरिकानें धारण करूं नये. विवाहानंतर पतीचें आडनांव वापरण्याची मुभा तेथें आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीनें स्त्रीचें मूळ नांव बदलत नाहीं. म्हणजे जो नियम बाईंना जुनाट कारकुनी वाटतो, तो दोन शतकांहून अधिक काळ स्त्रीचें स्वतःचें नांव जपीत आलेला आहे.

आवाजाच्या तक्रारींनीं मात्र प्रकरण न्यायालयापर्यंत नेलें. ओलेरों नांवाच्या बेटावर मॉरिस नांवाचा एक कोंबडा होता. शेजारीं सुट्टींत येऊन राहणाऱ्या कुटुंबानें त्याच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. ५ सप्टेंबर २०१९ रोजीं रोशफोर येथील न्यायालयानें कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूनें निकाल दिला. वादी लोक परदेशी नसून फ्रेंचच होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शहरांतून आलेला मनुष्य कोणत्याहि देशाचा असो, खेड्याला तो सारखाच परका. मॉरिस २०२० सालीं मेला. परंतु त्याच्या खटल्यानें व तशाच इतर तंट्यांनीं कायदेमंडळाला जाग आणली. लोझेर ह्या डोंगराळ जिल्ह्याच्या प्रतिनिधीनें मांडलेलें विधेयक संमत होऊन २९ जानेवारी २०२१ रोजीं कायदा झाला आणि खेड्यांतील आवाज व वास हेहि देशाच्या नैसर्गिक वारशाचा भाग ठरले. शेणाचा वास, गाईंच्या गळ्यांतील घंटा आणि कोंबड्याची बांग यांस ह्याप्रमाणें कायद्याची ओळख मिळाली. पुढें १५ एप्रिल २०२४ च्या कायद्यानें असेंहि सांगितलें कीं, आपण राहावयास येण्यापूर्वींपासून शेजारीं कायदेशीरपणें चालू असलेल्या उद्योगाविरुद्ध नवागतास, तो उद्योग पूर्वींसारखाच चालू असेल तर, उपद्रवाचा दावा सामान्यतः चालवितां येणार नाहीं. चर्चच्या घंटेचीहि हीच कथा. १९०५ सालीं फ्रान्सनें धर्म व राज्य यांची फारकत केली, तरी घंटा केव्हां वाजवावी ह्याचा नियम करण्याचा अधिकार महापौराकडे राहिला. आणि गांवची घंटा बंद करून निवडणुकीस उभें राहण्याची हिंमत क्वचितच कोणी महापौर करील.

येथपर्यंतचीं गाऱ्हाणीं परक्यानें आपली संवय बदलली कीं बहुतांशीं विरतात. यापुढचीं तशीं नाहींत.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत खेड्यांत शिकारीचा हंगाम असतो. रविवारीं फिरावयास निघालेल्या कुटुंबाला रानाच्या कडेस ‘शिकार चालू आहे’ असा फलक दिसतो आणि झाडींतून गोळीचा आवाज येतो. हा हक्क शेतकऱ्यांस सहज मिळालेला नाहीं. राज्यक्रांतीपूर्वी शिकार हा सरदारांचा खास अधिकार होता. हरणें, ससे पीक खात असले तरी कुळानें पाहत बसावयाचें. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीं तो अधिकार इतर सरंजामी हक्कांबरोबर रद्द झाला. म्हणून खेड्यांतील माणसाच्या हातची बंदूक ही त्याच्या नागरिकत्वाची खूण होऊन बसली. शिवाय मक्याच्या शेतांत रानडुकरांचा उपद्रव खरोखरच मोठा आहे.

परंतु इतिहास कितीहि सन्मान्य असला तरी गोळी माणूस ओळखत नाहीं. २ डिसेंबर २०२० रोजीं लॉत जिल्ह्यांत एक पंचवीस वर्षांचा तरुण आपल्या घराजवळ लांकडें तोडीत असतां शिकाऱ्याच्या गोळीनें ठार झाला. तो फ्रान्समध्येंच वाढलेला, इंग्रज वंशाचा मुलगा होता. शिकाऱ्यानें त्यास रानडुक्कर समजलें होतें. त्याच्या मित्रमैत्रिणींनीं चळवळ उभारली. सेनेटपुढें गेलेल्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. २०२३ च्या जानेवारींत न्यायालयानें तो शिकारी व त्या शिकारीचा आयोजक अशा दोघांसहि दोषी ठरविलें. त्याच महिन्यांत सरकारनें रविवारच्या शिकारीवर बंदी घालण्याचें नाकारलें, मात्र दारूच्या अमलाखालीं शिकार करणाऱ्यांवर कारवाई करण्याचें जाहीर केलें. ही तक्रार करणारे सर्व परके नव्हते. त्यांत गांवांत जन्मलेले फ्रेंच लोक होते, त्याच्या वर्गांत शिकलेलीं मुलें होतीं. म्हणूनच तिची दखल घेणें सरकारला भाग पडलें.

डॉक्टरांचें दुःख तर सर्वांचेंच. १९७१ सालीं फ्रान्सनें वैद्यकीय शिक्षणांत पुढें जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ती अनेक वर्षें फार कमी ठेवण्यांत आली, आणि ती पद्धति रद्द करण्याचा कायदा २०१९ सालीं झाला. मध्यंतरीं खेड्यांतील डॉक्टर म्हातारे झाले व निवृत्त झाले. त्यांच्या जागीं तरुण डॉक्टर आले नाहींत. अशा प्रदेशांस तेथें ‘वैद्यकीय वाळवंटें’ असें म्हणतात. २००४ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक प्रौढ माणसानें आपला एक ठराविक डॉक्टर नोंदवावयाचा असतो. तसा न नोंदवितां दुसऱ्याकडे गेल्यास तपासणीच्या ठरीव शुल्कापैकीं सत्तर टक्क्यांऐवजीं सामान्यतः तीसच टक्के सरकारी विम्यांतून परत मिळतात. पण नवे रोगी घेणारा डॉक्टरच जवळपास नसेल तर नोंदवावें कोणाला? साठीनंतर येथें येऊन घर घेतलेल्या जोडप्याला पहिलीं दहा वर्षें ह्याची झळ लागत नाहीं. पुढें गुडघे दुखूं लागतात, एकाची दृष्टि अधू होते, मोटार चालविणें होत नाहीं, आणि तेव्हां दवाखाना तीस किलोमीटरांवर असतो.

मोटारीवांचून तेथें पान हलत नाहीं. कित्येक गांवांत शाळेच्या मुलांना नेणाऱ्या बसखेरीज दुसरी बस येत नाहीं. २०१८ च्या १ जुलैपासून दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरील वेगाची मर्यादा ताशीं नव्वदवरून ऐंशी किलोमीटरांवर आणली गेली, तेव्हां खेड्यांतून मोठी नाराजी उमटली. आणि त्याच वर्षीं १७ नोव्हेंबरला इंधनावरील कराविरुद्ध पिवळीं जाकिटें घातलेले लोक चौकाचौकांत उतरले. परदेशी रहिवासी ज्या गोष्टीला ‘गैरसोय’ म्हणत होता तिच्यासाठीं गांवकरी थंडींत शेकोटी पेटवून रस्त्यावर बसला. दोघांची अडचण एकच होती.

अशा अडचणी दूर करण्याचें ठिकाण कोणतें? फ्रान्समध्यें सुमारें पस्तीस हजार ‘कम्यून’, म्हणजे ग्रामसंस्था आहेत, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांची लोकवस्ती पांचशेंच्या आंत आहे. एवढ्या लहान गांवालाहि आपला निवडलेला महापौर आणि आपलें सभागृह असतें. दवाखान्यासाठीं जागा देणें, टपालाचें काम गांवकचेरींत चालविणें, वृद्धांना बाजारांत नेण्यासाठीं गाडी ठरविणें, हे निर्णय पुष्कळदां तेथेंच होतात. युरोपीय संघाच्या नागरिकांस ह्या निवडणुकींत मत देण्याचा व सभासद होण्याचा अधिकार आहे. महापौर वा उपमहापौर मात्र त्यांना होतां येत नाहीं. ह्या अधिकाराचा लाभ घेऊन सातशेंहून अधिक इंग्रज रहिवासी निरनिराळ्या गांवांच्या सभागृहांत बसले होते. जो मनुष्य पहिल्या वर्षीं बंद दुकानाच्या दाराशीं चरफडत उभा होता, तोच दहा वर्षांनीं गांवच्या बसचा ठराव मांडूं लागला होता.

३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें. सहा आठवड्यांनीं, १५ मार्चला, फ्रान्समध्यें ग्रामसंस्थांच्या निवडणुका झाल्या. त्यांत ब्रिटिश नागरिकांस उभें राहतां आलें नाहीं, मतहि देतां आलें नाहीं. ज्यांनीं फ्रेंच नागरिकत्व किंवा युरोपीय संघांतील दुसऱ्या एखाद्या राष्ट्राचें नागरिकत्व मिळविलेलें होतें तेवढेच राहिले. केवळ सुट्टींत येणाऱ्या इंग्रज घरमालकांवर तर त्याच्या पुढील वर्षापासून, दीर्घ मुदतीचा परवाना नसल्यास, कोणत्याहि एकशेंऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहण्याचें बंधन आलें.

म्हणजे दुकानाच्या वेळा, कागदाची तारीख, कोंबड्याची बांग ह्या गोष्टी ज्यांनीं एव्हांना पचविल्या होत्या, त्यांच्याच हातून गांवाचें दुःख हलकें करण्याचें साधन गेलें. कांहीं दारें अद्याप उघडीं आहेत. १९०१ च्या कायद्याखालीं स्थापन होणाऱ्या मंडळांत परदेशीयांस सभासद होतां येतें, आणि गांवची जत्रा, वाचनालय, वृद्धांची ने-आण हीं कामें पुष्कळदां अशींच मंडळें करतात. ग्रामसभागृहाच्या बैठकीहि लोकांस खुल्या असतात. पूर्वीं ज्या मेजाशीं बसून दवाखान्याच्या जागेवर आपण बोललों, त्याच खोलींत आतां मागच्या बांकावर बसून इंग्रज म्हातारा चर्चा ऐकूं शकतो. मताची वेळ आली कीं मात्र त्यास हात खालींच ठेवावा लागतो.